पंधरा अंशांच्या थंडीला कोणता धागा?

डिसेंबर लागला की बेळगावात पहाटेचा पारा पंधराच्या खाली उतरतो, एखाद्या वर्षी दहाच्या आसपासही जातो. त्याच दिवशी दुपारी मात्र तो अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर असतो. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवरच्या या गावाची थंडी सकाळपुरती असते, आणि खालच्या निपाणीचीही तीच तऱ्हा. भल्या सकाळी तंबाखूच्या वखारीत कामाला निघालेल्या बाईला जो स्वेटर हवाहवासा वाटतो, तोच दहा वाजता अंगावर नकोसा होतो. इथल्या बायकांना लागणारा गरम कपडा सिमल्याच्या कपड्यापेक्षा वेगळा असायला हवा. बाजारात येतो तो मात्र उत्तरेच्या थंडीसाठी बनलेला माल.

हिवाळ्यात गावोगाव स्वेटरची दुकाने थाटणारे तिबेटी विक्रेते आपल्या ओळखीचे आहेत. त्यांची एक मोठी वसाहत आपल्या शेजारीच, उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोडला आहे. त्यांचा बहुतेक माल लुधियानाहून येतो आणि स्वस्त मालात जवळपास सगळीकडे एकच धागा असतो, अ‍ॅक्रिलिक. रस्त्यावरच्या गाडीवर “घ्या की वैनी, प्युअर वूलन हाय” असे ऐकू आले आणि किंमत तीन-चारशे रुपये असली, तर त्यात लोकर असण्याची शक्यता जवळजवळ नसते. एवढ्या पैशांत स्वेटरभर लोकरीचे सूतसुद्धा येत नाही. घरी विणण्यासाठी दुकानातून आणलेल्या रंगीत लडीही बहुतेक अ‍ॅक्रिलिकच्याच असतात.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल, खनिज तेलापासून बनणारे प्लास्टिक. ते हलके आहे, स्वस्त आहे, रंग चांगला धरते, आणि ते ऊब देते हेही खरे. कारण कपड्याची ऊब मुख्यतः धाग्यातून येत नाही, धाग्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेतून येते. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. तिच्या तुलनेत कापूस, लोकर, प्लास्टिक हे सारेच तंतू कितीतरी जास्त उष्णता वाहून नेतात. जो कपडा जास्त हवा धरून ठेवतो आणि ती हलू देत नाही, तो गरम. एवढे ध्यानात घेतले की ‘लोकर नाही म्हणजे ऊब नाही’ ही समजूत गळून पडते. जाड, फुगीर विणीचा कोरडा सुती कपडाही चांगला गरम असतो.

मग धाग्याने फरक कुठे पडतो? घामाच्या वेळी. वीस अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के बाष्प पोटात धरून असते. व्हिस्कोज १२-१३ टक्के, कापूस आठच्या आसपास, अ‍ॅक्रिलिक दीड-दोन टक्के आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दमट हवेत लोकर ३० टक्क्यांपर्यंत बाष्प घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. बाष्पाचे रेणू लोकरीतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटताना थोडी उष्णताही बाहेर टाकतात. पहाटेच्या दवात लोकर उबदार वाटते त्यामागे हेही एक कारण आहे. अ‍ॅक्रिलिकला घाम पोटात घेता येत नाही. ऊन वर आले, चालून अंग तापले की बाष्प कातडी आणि कपडा यांच्यामध्ये कोंडते, चिकचिक होते, काखेत वास धरतो. सकाळी थंड आणि दुपारी गरम अशा हवेत हा दोष उत्तर भारतापेक्षा इथे जास्त जाणवतो.

दुसरा मुद्दा चुलीचा, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. आपल्या खेड्यांत आजही पहाटे पाणी तापवायला चूल पेटते, आणि तिच्यापुढे स्वेटर घालून बसलेली असते ती बाईच. अ‍ॅक्रिलिक पेट घेताना वितळते आणि ते तापलेले प्लास्टिक कातडीला चिकटते. सूत पेटते, भराभर जळते, पण वितळून चिकटत नाही. लोकर सहजी पेटत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा आपणच विझते. घरात चूल असेल तर स्वयंपाकाच्या वेळी अंगात अ‍ॅक्रिलिक नको, यावर दुमत होऊ नये. सुती कपडाही अंगासरशी असावा, लोंबती बाही नको.

धुण्याचे पाणी कुठे जाते हेही बघायला हवे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपडे यंत्रात एकदा धुतले की सात लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात सुटतात असा अंदाज निघाला. सुताचे आणि लोकरीचे तंतूही गळतात, पण ते कुजतात.

मग आपल्याच रानातली लोकर का वापरू नये, असा प्रश्न इथल्या कोणालाही पडेल. हा धनगर आणि कुरुबांचा मुलूख. निपाणीजवळच्या अप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची यात्रा भरते, आणि हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते. दख्खनी मेंढीची काळी लोकर वर्षातून दोनदा कातरतात, आणि एका मेंढीमागे वर्षाला ती जेमतेम अर्धा-पाऊण किलो निघते. सनगर विणकर तिची घोंगडी खड्डामागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. पण या लोकरीचा स्वेटर करून नुसत्या अंगावर घातला तर अर्धा तासही सोसवत नाही.

याचे कारण अ‍ॅलर्जी नव्हे, भौतिकशास्त्र आहे. कपड्यातून बाहेर आलेले तंतूचे टोक कातडीला टेकते. ते बारीक असेल तर वाकते, जाड असेल तर न वाकता टोचते. तंतू वाकवायला लागणारे बल त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढते. म्हणजे २० मायक्रॉनच्या तंतूपेक्षा ४० मायक्रॉनचा तंतू दुप्पट नव्हे, सोळापट ताठ. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की ३० मायक्रॉनहून जाड तंतूंचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेले की बहुतेकांना कपडा टोचू लागतो, कारण ती टोके त्वचेतल्या वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंना डिवचतात. मऊ मेरिनो लोकर साधारण १७ ते २३ मायक्रॉनची असते. दख्खनी लोकर या ३० च्या रेषेच्या बरीच पलीकडे आहे आणि तिच्यात पोकळ गाभ्याचे राठ केस भरपूर असतात. ती वाईट नाही, तिचे काम वेगळे आहे. पावसात पाणी निथळणारी घोंगडी, जेन, बुरणूस, अंथरूण आणि फार तर सुती कपड्यावरून घ्यायचे जाकीट, ही तिची जागा. नको तिथे वापरून तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

या मेंढीवरचे संशोधनही मांसाच्या दिशेने गेले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्या कोकरांचा जनुक दख्खनीत आणून ‘सुवर्णा’ तयार केली. मेंढपाळाच्या उत्पन्नासाठी ते मोलाचे काम आहे. मांसासाठीच जतच्या माडग्याळ जातीशी संकर करण्याकडेही कल आहे, आणि माडग्याळच्या अंगावर लोकर नावालाच. लोकरीला मातीमोल भाव मिळत राहिला तर मेंढपाळ ती का सांभाळेल?

राहिला कापूस, आणि माझे ठाम मत असे की या पट्ट्यातल्या बाईसाठी परवडणारा, नैसर्गिक, अंगाला सुखावह असा विणीचा कपडा सुतीच आहे. तो पातळ मात्र नको.

कापसाशी आपले नाते जुने. सौंदत्ती-बैलहोंगलच्या काळ्या रानात तो पिकतो, आणि घटप्रभेच्या धबधब्यावर गोकाकची सूतगिरणी १८८० च्या दशकात उभी राहिली. धारवाडच्या कृषी संशोधन केंद्राने १९७२ मध्ये ‘वरलक्ष्मी’ हा दोन प्रजातींचा संकर दिला आणि पुढे ‘डीसीएच-३२’ हा अतिलांब धाग्याचा वाण. धाग्याची लांबी महत्त्वाची, कारण लांब तंतूंच्या सुतातून टोके कमी बाहेर येतात. कपडा मऊ लागतो आणि त्यावर गोळे कमी धरतात. लेबलावर ‘कोम्ब्ड कॉटन’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ सूत काढण्यापूर्वी आखूड तंतू विंचरून काढले आहेत. नुसत्या ‘कार्डेड’ सुतात ते तसेच राहतात.

कापड विणण्यात हा भाग तरबेज. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, आणि बेळगावच्या शहापूर-वडगाव-खासबागेत आजही माग चालतात. पण ते सारे ताणा-बाण्याचे काम. होजिअरीची गोष्ट वेगळी. तिथे एकच सूत फास होऊन आधीच्या फासातून ओवले जाते, सुयांवरच्या हातविणीसारखे. ताणले की फास रुंदावतो, सोडले की परत येतो. ताणा-बाण्याच्या कापडात नसलेला लवचीकपणा इथे धाग्यात नसून रचनेत असतो, आणि फासाच्या पोटात हवा राहते. एकेरी विणीला सिंगल जर्सी म्हणतात. ती पातळ असते, कडा गुंडाळते आणि सूत जास्त पिळाचे असेल तर दोन धुण्यांत बगलेची शिवण फिरून पोटावर येते. रिबमध्ये उलट-सुलट टाक्यांच्या उभ्या ओळी असतात, ती सर्वांत जास्त ताणते. दोन रिब एकमेकींत गुंतवल्या की इंटरलॉक होते. ती दोन्ही बाजूंनी सारखी, दाट, कडा न गुंडाळणारी. आतून फासांची गादी असलेल्या कापडाला व्यापारी लूपनिट म्हणतात. आपल्या सकाळसाठी इंटरलॉक आणि लूपनिट हीच खरी उत्तरे.

अडचण ही की बायकांच्या कपड्यांत हे कापड सहसा मिळत नाही. पुरुषांच्या टी-शर्टला १८०-२०० ग्रॅमचे कापड, तर शेजारच्याच मांडणीवर बायकांसाठी १४०-१५० ग्रॅमचे, त्यातही व्हिस्कोज मिसळलेले. हे ग्रॅम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे वजन, ज्याला बाजारात जीएसएम म्हणतात. पातळपणामागे खर्चाची सबब सांगितली जाते, म्हणून हिशेब करू. मध्यम मापाच्या टी-शर्टला साधारण एक चौरस मीटर कापड लागते. १४० ऐवजी २२० ग्रॅमचे कापड घेतले तर सूत ८० ग्रॅमने वाढते. होजिअरीचे सूत किलोला अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात धरले तर हा फरक वीस-चोवीस रुपयांचा. रंगाई-विणाई धरूनही तो पन्नाशीच्या आतच राहतो. जास्त टिकणाऱ्या कपड्यासाठी एवढे पैसे कोणतीही बाई आनंदाने देईल. तिला तसा कपडाच दिला जात नाही, हे खटकणारे आहे.

व्हिस्कोज लाकडाच्या लगद्यापासून बनते, अंगाला गार आणि मऊ लागते. पण ओले झाले की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, तर कापूस ओला झाल्यावर उलट अधिक मजबूत होतो. दगडावर आपटून, पिळून धुणाऱ्या घरात व्हिस्कोजचा कपडा का लोळागोळा होतो, ते यावरून कळेल. मनगटाच्या आणि गळ्याच्या पट्टीत तीन-पाच टक्के लायक्रा असेल तर मात्र हरकत घेऊ नये. कापूस स्वतःहून पूर्ण परत येत नाही, त्या जागा लायक्राविना सैल पडतात.

दुकानात कपडा उजेडासमोर धरा. टाक्यांतून पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर सोडून द्या. आडवा ताणून सोडा, लाट राहिली तर तो महिनाभरात गुडघ्या-कोपरांवर पोक धरेल. बगलेची शिवण सरळ खाली जाते का पाहा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने टाका मोठा करून बघितला तर सूत जागोजागी जाड-बारीक आहे का, केसाळ आहे का, हेही दिसते.

घरी खात्री करायची तर आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याचे ताट ठेवा आणि काडी लावा. सूत कागद जळाल्यासारखे वास सोडून जळते, मागे फुंकरीने उडणारी करडी राख राहते. लोकर चरचरत आकसते, केस जळाल्याचा वास येतो आणि काळी राख बोटांनी चुरते. अ‍ॅक्रिलिक काजळीच्या ज्योतीने जळते आणि टोकाला टणक काळा मणी राहतो, तो चुरत नाही. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. मुले जवळ नसताना हा प्रयोग करावा.

खरी लोकर हवीच असेल तर पूर्ण स्वेटरच्या मागे लागू नये. बारीक मेरिनोचा एखादा पातळ आतला कपडा मोसम सरता सरता सवलतीत घ्यावा, तो सुती कपड्याखाली पुरतो. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. गरम पाणी, तीव्र साबण आणि चोळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून कडक होतो. बुरणूस याच गुणावर बनतो, स्वेटर याच गुणाने वाया जातो. गार पाणी, सौम्य साबण, न पिळता सावलीत आडवे वाळवणे, एवढे पाळले की लोकर वर्षानुवर्षे राहते.

या हिवाळ्यात एकच कपडा घ्यायचा असेल तर शंभर टक्के कोम्ब्ड कापसाचा, २२० ग्रॅमच्या आसपासचा, पूर्ण बाह्यांचा इंटरलॉक किंवा लूपनिट घ्या. बायकांच्या विभागात नसेल तर पुरुषांच्या किंवा मोठ्या मुलांच्या विभागातला बेधडक उचला. आणि दुकानदाराला कापसाची टक्केवारी आणि जीएसएम हे दोन आकडे दर वेळी विचारा. गिऱ्हाईक विचारू लागल्याशिवाय तो माल इथल्या दुकानांत येणार नाही.