वळण सांगणारा खटका

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणारा रस्ता आमच्या वलगावातून जातो. संध्याकाळी या रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहा आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे पिवळे दिवे पाहा. कोणी वळण्याच्या बराच आधी दिवा लावतो, कोणी वळता वळता लावतो, आणि एखाद्याचा दिवा वळण मागे पडून किलोमीटरभर झाला तरी लुकलुकतच असतो. हा तिसरा सर्वांत धोक्याचा. दिवा न लावणाऱ्यावर कोणी विसंबत नाही. पण ‘मी डावीकडे वळतो’ असे दिवा सांगत असला, तर डावीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला निर्धास्तपणे पुढे येतो, आणि गाडी मात्र सरळ येते. म्हणून वळणाचा दिवा पेटणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर विझणेही महत्त्वाचे.

हे काम ज्या खटक्याकडे असते त्याची करामत जुन्या मोटारींत फार चांगली पाहायला मिळते. नव्या गाड्यांत बरेचसे इलेक्ट्रॉनिक असते, ते डोळ्यांना दिसत नाही. जुन्या खटक्यात मात्र स्प्रिंग, गोळी, पितळेच्या पट्ट्या, सारे काही उघडून पाहता येते.

अगदी सुरुवातीला चालक हातच बाहेर काढीत. पुढे १९३० नंतरच्या पुष्कळ युरोपीय मोटारींत दाराच्या खांबातून रेल्वेच्या सिग्नलसारखा एक छोटा हात बाहेर येई. आत तारेचे वेटोळे असे. प्रवाह सुरू झाला की लोखंडी गाभा ओढला जाई आणि हात वर येई. लुकलुकणारे दिवे आले आणि हे हात मागे पडले.

आता दोन गाड्या घेऊ. एक आपल्या ओळखीची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी फियाट ११००, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. दुसरी एम. जी. ए. ही दोन आसनांची इंग्लिश स्पोर्ट्स कार, ॲबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात तयार झालेली. अशा सुमारे एक लाख गाड्या निघाल्या आणि बहुतेक परदेशी गेल्या.

पद्मिनीत वळणदिव्याची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर असते. दांडी ढकलली की ती एका खाचेत बसते. वळण संपून चक्र उलट फिरू लागले की खांबावरचा उंचवटा एका छोट्या कुत्र्याला धक्का देतो (यंत्रातल्या कुत्र्याला, घाबरू नका!) आणि दांडी मधोमध परत येते. म्हणजे या खटक्याला वळण ‘कळते’. एम. जी. ए.मध्ये खटका समोरच्या फळीवर, चक्रापासून दूर आहे. त्याला वळण कळणार कसे? तेथे वेळ मोजण्याची युक्ती केलेली आहे, आणि तीही हवेने! खटका फिरवला की स्प्रिंगमध्ये ऊर्जा साठते. स्प्रिंग मूळ जागी येऊ पाहते, पण आतल्या छोट्या कोठीतली हवा अगदी बारीक वाटेने सरकत असल्याने तिला सावकाश यावे लागते. काही सेकंदांनी खटका आपोआप बंद होतो. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा जरा सैल धरून दांडा दाबून पाहा, म्हणजे हे तत्त्व लगेच ध्यानात येईल.

मला दुसरी युक्ती जास्त आवडते, पण रस्त्यावर पहिली बरी. चौकात थांबावे लागले तर हवेचा खटका वळण्याआधीच दिवा विझवून मोकळा होतो!

हवेच्या या वाटेत धूळ बसली तर दिवा फार वेळ लुकलुकतो. कोठी कुठे गळत असली तर लगेच विझतो. पहिल्या प्रकारात काही जण टाचणी घालून भोक साफ करू जातात. तसे कधी करू नका. बारीक नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या एकपंचमांशाने वाढली तर १.२ चा चौथा घात सुमारे २.०७, म्हणजे हवा दुपटीने वाहील आणि वेळ निम्म्यावर येईल. कोरड्या हवेचा हलका झोत पुरतो.

दोन्ही खटक्यांचा नेहमीचा आजार मात्र एकच: कॉन्टॅक्ट खराब होणे. १२ व्होल्ट, २१ वॅटच्या एका दिव्यातून १.७५ अँपिअर प्रवाह जातो. पुढचा आणि मागचा मिळून ३.५ अँपिअर; म्हणजे दोन्ही दिव्यांचा एकत्रित रोध सुमारे ३.४ ओहम झाला. आता कॉन्टॅक्टवर ऑक्साइडचा थर बसून तेथे केवळ अर्धा ओहम रोध आला असे समजा. दिव्यांचा रोध तोच राहिला असे धरले, तर प्रवाह सुमारे ३ अँपिअरवर येतो आणि दीड व्होल्ट खटक्यातच खर्च होतात. दिव्याला उरले साडेदहा. तारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. त्यामुळे जवळजवळ एकतृतीयांश प्रकाश गेला! आणि खटक्यात, दिवा पेटलेला असताना, साडेचार वॅट उष्णता निर्माण होते. तिने स्प्रिंगचा ताण कमी होतो, दाब कमी झाला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. हे चक्र पुढे प्लॅस्टिक वितळवूनच थांबते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद गाडीत त्याहून वर, तेव्हा जुन्या प्लॅस्टिकची आधीच परीक्षा चाललेली असते.

हा अर्धा ओहम साध्या मीटरने नेहमी सापडतोच असे नाही. मीटर स्वतः अगदी थोडा प्रवाह पाठवतो. त्याऐवजी दिवे पेटलेले असताना खटक्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजावे. एकदोन दशांश व्होल्ट ठीक. एक व्होल्ट निघाला तर खटका उघडायलाच हवा.

उघडण्याआधी बॅटरीची तार काढा, आणि तीही गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. ती सोडताना पाना सांगाड्याला लागला तरी दोन्हींचे विभव एकच असल्याने काही होत नाही. दुसरी आधी काढू गेलात आणि पाना टेकला, तर ठिणग्यांचा पाऊस! एम. जी. ए.मध्ये सांगाड्याला धन टोक जोडलेले असते, म्हणून रंग किंवा चिन्ह पाहू नका, तार कोठे जाते ते पाहा. खटका पारदर्शक पिशवीत हात घालून उघडावा, कारण आतली छोटी गोळी आणि स्प्रिंग एकदा उडाली की सापडत नाही. कॉन्टॅक्टवर कधी कधी चांदीचा पातळ मुलामा असतो. जाड पॉलिशपेपरने तो निघून जातो. म्हणून जाड कागद स्पिरिटमध्ये भिजवून त्याने पुसावे. रबरी भागांना साधे ग्रीस लावू नये, ते फुगतात; सिलिकोनचे ग्रीस चालते. एवढा खटाटोप कशासाठी, नवा खटका का बसवू नये, असे तुम्ही विचाराल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची, तर ती मूळ रूपात असावी लागते. आणि पद्मिनीचा कारखाना तर कधीच बंद झाला आहे.

फ्यूज जळत असेल तर जाड तार घालून काम भागवू नका. फ्यूज वाचेल, पण मग जळण्याची पाळी वायरिंगची.

एक गोष्ट मात्र खटका उघडण्याच्याही आधी करावी. रात्री मागचा लाल दिवा लावून वळणाचा दिवा सुरू करा आणि गाडीच्या मागे जाऊन पाहा. वळणाचा दिवा लुकलुकताना शेजारचा लाल दिवाही त्याच तालात कमीजास्त होत असेल, तर दोष खटक्यात नाही. दोन्ही दिव्यांचा प्रवाह सांगाड्यात परतण्याची वाट एकच असते. तेथे रोध वाढला की एकाचा प्रवाह दुसऱ्याचे व्होल्टेज खातो. दिव्याच्या बुडाशी असलेला तो गंजका बोल्ट सोडवून, घासून पुन्हा घट्ट आवळला की काम झाले.