पोरगा सांगतोय ना? म्हणजे थापच!

रात्री उशिरा घरी पोचून ‘अहो खरंच, गाडी बंद पडली होती’ असं कधी सांगितलंय? आणि बाबांच्या चेहऱ्यावर ‘बरं, पुढे?’ हा भाव बघितलाय? मग १९५८चा ‘द ब्लॉब’ तुमच्यासाठीच आहे.

अमेरिकेतलं एक छोटं गाव. उल्का पडते. एक आजोबा काठीने ती टोचून बघतात (काय गरज होती, सांगा!) आणि आतली जेली त्यांच्या हाताला चिकटते. आधी आजोबा गट्टम, मग नर्स, मग डॉक्टर. खाईल तेवढी ती फुगत जाते. सिलिकॉनचा तो लाल गोळा सरपटताना बघून आज हसूच फुटतं.

पण स्टीव्ह पोलिसांकडे जातो, तिथे आपलं हसू थांबतं. कॉलेजवयीन पोरगा, म्हणजे चेष्टाच करत असणार! शेवटी पोरं गाड्यांचे हॉर्न बडवून अख्खं गाव उठवतात. (हा ‘पोरगा’ म्हणजे स्टीव्ह मॅक्क्वीन, तेव्हा पंचविशी ओलांडलेला. चालतंय.)

माझा लाडका प्रसंग मात्र शेवटाकडे आहे. जेली थंडीला घाबरते हे कळतं. आग विझवायचे गार वायूचे सिलिंडर शाळेत, आणि शाळेला कुलूप. मुख्याध्यापकांची मुलगी तिकडे हॉटेलात अडकलेली. मग सरच दगड उचलतात आणि स्वतःच्या शाळेची काच फोडतात!

जेली ज्या थिएटरात घुसते, ते पेनसिल्व्हेनियातल्या फिनिक्सव्हिलमध्ये अजून सुरू आहे. दर जुलैत तिथे ‘ब्लॉबफेस्ट’ भरतो आणि लोक हौसेने किंचाळत बाहेर पळतात.