बोटीवर जीपीएस बसवताय? तार, फ्यूज आणि आकडे वाचणं, तिन्ही नीट पाहिजे

अंधेरी : राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारी बंदी असते. या दिवसांत अंधेरी पश्चिमेच्या वेसावे कोळीवाड्यात, म्हणजे वर्सोव्याला, बोटी धक्क्याला लागलेल्या असतात. कुठे इंजिन खोललेलं, कुठे रंगकाम, कुठे जाळी तुणायला घेतलेली. नवीन जीपीएस बसवायचा किंवा जुन्याची तार बदलायची तर हीच वेळ बरी. बंदी उठली की पहिल्या फेरीची घाई होते, आणि घाईत जोडलेलं यंत्र नेमकं वादळात बंद पडतं.

वेसाव्यासारख्या बंदरांतल्या बोटींवर दुसऱ्या गावांतली माणसंही खलाशी म्हणून जातात. त्यामुळे हा विषय नुसता नाखव्याचा नाही. घरचा माणूस समुद्रात आहे त्या प्रत्येक घराचा आहे.

यंत्र काम कसं करतं?

जुने तांडेल किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायचे. टेकडी आणि देवळाचा कळस जुळला की जागा ओळखायची. रात्री तारे आणि होकायंत्र. पण धुकं किंवा मुसळधार पाऊस आला की खुणा दिसत नाहीत. जीपीएसला तसल्या खुणा लागत नाहीत. जमिनीपासून सुमारे २०,००० किलोमीटरवर फिरणारे उपग्रह सतत स्वतःची जागा आणि वेळ सांगत असतात. तो संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं. निदान चार उपग्रह मिळाले की आपली जागा पक्की होते.

ही अमेरिकेची यंत्रणा. मे २००० पर्यंत सामान्य लोकांसाठी तिच्यात मुद्दाम चूक ठेवली जायची, जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. ती चूक काढल्यापासून साधारण १० मीटरच्या आत जागा मिळते. भारताची स्वतःची 'नाविक' यंत्रणाही आहे आणि बरीच नवी यंत्रं दोन-तीन यंत्रणांचे उपग्रह एकत्र वापरतात.

अँटेना कुठे लावायचा?

उपग्रहाचा संदेश फार क्षीण असतो. केबिनवर पत्रा असेल तर आत ठेवलेल्या यंत्राला तो नीट मिळत नाही. म्हणून अँटेना बाहेर, डोक्यावर मोकळं आभाळ असेल तिथे लावावा. पण डोलकाठीच्या टोकाला नको. बोट हलली की टोक जास्त झुलतं आणि यंत्र वेग आणि दिशा चुकीची दाखवायला लागतं. केबिनच्या छतावर छोट्या दांड्यावर लावला तरी पुरतो. वायरलेसच्या अँटेनापासून निदान एक मीटर लांब ठेवावा.

पडदा तांडेलाच्या डोळ्यांसमोर, पण ऊन आणि पाण्याचा मारा बसणार नाही असा लावावा. होकायंत्राच्या शेजारी लावू नये. त्याची सुई भरकटते.

वीज जोडताना इथे चूक होते

पहिलं, बोटीची बॅटरी १२ व्होल्टची की २४ ची ते बघा आणि यंत्रामागची पट्टी वाचा. फक्त १२ व्होल्टवर चालणारं यंत्र २४ वर जोडलं तर जळणार. काही जण दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात. तसं केलं की एक बॅटरी लवकर बसते. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतो, तो घ्यावा.

दुसरं, यंत्राला स्वतंत्र लाइन द्या. पंपाच्या किंवा दिव्याच्या वायरीला जोडू नका. जमलं तर इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीपेक्षा वेगळी बॅटरी द्या. स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली येतं आणि यंत्र बंद होऊन परत सुरू होतं.

तिसरं, लाल तार प्लसला, काळी मायनसला, आणि प्लसच्या तारेत बॅटरीजवळच फ्यूज. किती अँपिअरचा ते यंत्राच्या पुस्तकात असतं, तेवढाच घाला. फ्यूज उडतो म्हणून चांदी किंवा तार गुंडाळली तर वायर पेटू शकते, आणि समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते.

चौथं, खारं पाणी. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी थोड्याच दिवसांत हिरवी पडते. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार घ्या, जोडणी दाबून पक्की करा आणि वरून आवळणारी नळी चढवा. तार केबिनमध्ये शिरते तिथे बाहेरच्या बाजूला खाली एक झोळ सोडा. पावसाचं पाणी त्या झोळावरून गळून जातं, भोकातून आत येत नाही. भोक सिलिकॉनने बंद करा.

पहिल्यांदा सुरू करताना

नवीन यंत्राला उपग्रह शोधायला काही मिनिटं लागतात. बोट धक्क्याला उभी असतानाच सुरू करा. नकाशाचं माप डब्ल्यूजीएस ८४, अंतर सागरी मैलात, वेळ भारतीय, म्हणजे अधिक साडेपाच तास, असं लावा. धक्क्याची जागा 'घर' म्हणून साठवा आणि मोबाइलवरच्या जागेशी जुळवून बघा.

आकडा चुकला तर मदत चुकीच्या जागी

सगळ्यात धोक्याची गोष्ट इथे आहे. वेसाव्याचा अक्षांश मोबाइलवर साधारण १९.१३७ असा दिसतो. हे अंशाचे दशांश झाले. बोटीच्या यंत्रावर हीच जागा १९ अंश ८.२ मिनिटं अशी दिसते, कारण एका अंशात ६० मिनिटं असतात आणि ०.१३७ गुणिले ६० म्हणजे ८.२. दोन्ही बरोबर आहेत. पण घाबरलेल्या माणसाने वायरलेसवर १९.१३७ चं "१९ अंश १३.७ मिनिटं" असं सांगितलं तर? अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. साडेपाच मैलांचा फरक पडला, म्हणजे १० किलोमीटर. बोट वेसाव्यासमोर बुडतेय आणि शोध गोराईसमोर चाललाय.

म्हणून यंत्रावर आकड्याची एकच पद्धत ठेवा. समुद्रात 'अंश, मिनिटं आणि मिनिटाचे दशांश' ही पद्धत चालते. सांगताना "अंश" आणि "मिनिटं" हे शब्द मोठ्याने म्हणा. आधी अक्षांश उत्तर, मग रेखांश पूर्व, आणि किती वाजताचा आकडा तेही सांगा, कारण बंद पडलेली बोट वाहत जाते.

जीपीएस लावला म्हणजे आपण दिसतो का?

नाही. हा गैरसमज काढून टाका. जीपीएस फक्त ऐकतो. आपण कुठे आहोत ते आपल्याला कळतं, किनाऱ्यावर कुणाला कळत नाही. ते कळवायला वेगळं यंत्र लागतं, त्याला ट्रान्सपाँडर म्हणतात. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते अशाच योजनेची सुरुवात झाली. इस्रोच्या तंत्रावर बनलेले १ लाख ट्रान्सपाँडर देशभरातल्या यांत्रिक आणि मोटार लावलेल्या मासेमारी बोटींवर बसवायची ती योजना आहे. मोबाइलची रेंज नसते तिथून दोन्हीकडे संदेश जातो, संकटात हाक देता येते. आपल्या बोटीची चौकशी मत्स्यव्यवसाय खात्याच्या जवळच्या कार्यालयात करावी.

ट्रान्सपाँडर नसेल तर वायरलेसचं चॅनल १६ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर. मोबाइल किनाऱ्यापासून थोडं दूर गेलं की चालत नाही, हे धरूनच चाला.

यंत्रावर आंधळा भरवसा नको

यंत्र साठवलेल्या जागेकडे सरळ रेघ मारून देतं. त्या रेघेत मढचं खडप आहे का, कुणाची डोल लावलेली आहे का, खाडीच्या तोंडाला गाळ किती आहे, हे ते विचारत नाही. जाण्याचा रस्ता तांडेलानेच टप्प्याटप्प्याने साठवावा. तेलविहिरींच्या फलाटांभोवती ५०० मीटरच्या आत जायला मनाई आहे, त्या जागा आधीच खूण करून ठेवाव्यात. होकायंत्र काढून टाकू नये. वीज गेली तर तेच उपयोगी पडतं.

आणि शेवटचं काम फुकटातलं आहे. केबिनमध्ये एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : चॅनल १६, १५५४, बोटीचं नाव आणि नंबर, बोटीवर माणसं किती, आकडा कसा वाचायचा. बंदी उठायच्या आधी बोटीवरच्या प्रत्येक खलाशाकडून तो आकडा एकदा मोठ्याने वाचून घ्या. तांडेलच पाण्यात पडला तर यंत्र वाचायला दुसरं कुणीतरी पाहिजे.