नवा खुबा किती वर्षं टिकतो?

सांधेबदल : लेखांक ६

खुबा बदलायचं ठरलं की घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, ‘डॉक्टर, हा सांधा किती वर्षं चालेल?’ ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमध्ये प्रत्येक सांधेबदलाची नोंद ठेवली जाते. त्या नोंदींवरून २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याचं उत्तर छापून आलं. बदललेल्या दर १०० खुब्यांपैकी सुमारे ८९ खुबे १५ वर्षं टिकले, ७० खुबे २० वर्षं, तर ५८ खुबे २५ वर्षं.

उरलेले का निकामी झाले? जंतुसंसर्ग, सांधा निखळणं, हाड मोडणं ही कारणं आहेतच. पण वर्षानुवर्षांच्या हिशेबात मोठी गोष्ट म्हणजे झीज. खुबा हा उखळीचा सांधा. कृत्रिम सांध्यात धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतो आणि पावलागणिक वाटी किंचित घासली जाते.

आधुनिक खुबेबदलाचे जनक जॉन चार्नली यांना हा धडा महागात मिळाला. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात त्यांनी सुरुवातीला टेफ्लॉनची वाटी वापरली. गुळगुळीतपणात टेफ्लॉनला तोड नव्हती; रुग्ण वेदनेविना चालू लागले. पण सुमारे ३०० रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्यावर वाट्या भराभर झिजताना दिसल्या, आणि झिजेच्या चुऱ्याने आजूबाजूला गाठी होऊ लागल्या. पुढे लँकेशायरच्या यंत्रमागांना दातेरी चाकं पुरवणारा एक विक्रेता पॉलिथिलिनचा तुकडा घेऊन आला. चार्नलींनी तो फारसा मनावर घेतला नाही. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो घासणीच्या यंत्राला लावला. टेफ्लॉनच्या तुलनेत त्याची झीज नगण्य निघाली. नवा पदार्थ शरीराला मानवतो का, हे पाहायला चार्नलींनी दोन्ही प्लॅस्टिकचे नमुने स्वतःच्याच मांडीत टोचून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागल्या. पॉलिथिलिनच्या जागी काहीच नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिथिलिनची पहिली वाटी बसली.

पॉलिथिलिनही झिजतं, फक्त हळू. त्याचे सूक्ष्म कण सांध्याभोवती साचतात, शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळतात. पचवता मात्र येत नाहीत. मग त्या पेशी जे रासायनिक संदेश सोडतात, त्यांनी शेजारचं हाड विरघळू लागतं आणि सांधा सैल होतो. म्हणजे वाटी झिजते आणि किंमत हाड मोजतं! १९९०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्साराची प्रक्रिया केलेलं, अधिक चिवट पॉलिथिलिन आलं. त्याची झीज बरीच कमी असल्याने वरच्या आकड्यांपेक्षा आजचे सांधे जास्त टिकतील, अशी रास्त अपेक्षा आहे.

पण नवं ते सगळंच चांगलं असं नाही. प्लॅस्टिकची झीज टाळायला धातूवर धातू फिरवणारे सांधे आले. त्यातलाच डीपाय कंपनीचा ‘एएसआर’. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरू लागलं, भोवतालच्या पेशी मरू लागल्या. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला होता. केंद्र सरकारच्या समितीने चौकशी केली, तेव्हा यातल्या बहुतेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही.

रुग्णाचं वयही महत्त्वाचं. सत्तरीनंतर खुबा बदलला, तर पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता जवळपास ५ टक्के. पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते, कारण पुढचं आयुष्यही मोठं आणि चालणंफिरणंही जास्त. आपल्याकडे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडून तरुणपणीच खुबा बदलावा लागलेले रुग्ण कमी नाहीत. त्यांनी हा हिशेब आधीच समजून घ्यावा.

हाड विरघळत असताना बरीच वर्षं काहीही दुखत नाही. ते दिसतं एक्स-रेमध्येच. म्हणून दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील त्या मुदतीने एक्स-रे काढत राहा. आणि डिस्चार्ज घेताना सांध्याची कंपनी, मॉडेल आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर मागून घ्या. एक प्रत फाइलमध्ये, एक मुलाबाळांच्या मोबाइलमध्ये असू द्या. उद्या एखादा सांधा परत मागवला गेला, तर तुमच्यापर्यंत पोहोचायचा तोच खात्रीचा मार्ग आहे.