अटीचा कागद आणि उंच धुराडे

किनारपट्टीवर ‘आगर’ म्हणजे मीठ पिकविण्याची जागा, तशीच नारळी-पोफळीची बागही. दोन्हीकडे भूमी, पाणी आणि श्रम यांचा मेळ वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. डहाणू तालुक्यात आगर नावाचे गावच आहे. आणि चिकूच्या वाड्या, खाडीतील मासळी व वारली पाडे यांमुळे हा सारा तालुकाच एक आगर आहे. अशा भूमीत मोठी कंपनी उतरते, तेव्हा तिच्या वाढीचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविणाऱ्या बीएसईएस कंपनीला स्वतःच्या निर्मितीकेंद्राची निकड होती. ५०० मेगावॉटच्या या प्रकल्पाला केंद्र शासनाने १९८९ मध्ये मंजुरी दिली, ती अटी घालून. धुरातील गंधकवायू काढून टाकणारी यंत्रणा बसविणे ही त्यांपैकी एक अट. स्थानिक पर्यावरण संरक्षण गटाने प्रकल्पालाच न्यायालयात आव्हान दिले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प रोखला नाही. मात्र परिणामांचा पूर्ण विचार केल्यावाचून ही अट शिथिल करू नये आणि तसा प्रस्ताव आल्यास तक्रारदारांचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे बजावले. त्याच वर्षी जून महिन्यात डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. तालुक्यात उद्योगांसाठी ५०० एकरांची कमाल मर्यादा ठरली आणि सभोवतालचा २५ किलोमीटरचा पट्टा, म्हणजे शेजारची तलासरीही, निर्बंधांखाली आली.

१९९५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, ती या यंत्रणेविनाच. कंपनीची बाजू अगदीच पोकळ होती असे नव्हे. भारतीय कोळशात गंधकाचे प्रमाण कमी असते आणि केंद्राचे धुराडे तर सुमारे २७५ मीटर उंच आहे. मग एवढा खर्च कशासाठी, हा सवाल व्यवहारी माणसाला पटण्यासारखा आहे. परंतु उंच धुराडे वायू दूरवर पसरविते, त्याचे प्रमाण घटवीत नाही. शिवाय अट आधीच मान्य केलेली होती. मंजुरी मिळेपर्यंत शिरोधार्य असलेली अट मंजुरी हाती पडताच अनावश्यक कशी ठरते? व्यवसायनीतीचा खरा पेच येथेच आहे. पुढे ढकललेला खर्च नाहीसा होत नसतो. तो दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर चढतो. येथे तो बागायतदाराच्या, कोळ्याच्या आणि पाड्यावरच्या मुलांच्या खात्यावर चढत होता, आणि दिवे उजळत होते मुंबईच्या उपनगरांत.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील या प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी ती यंत्रणा प्रत्यक्ष सुरू झाली २००७ मध्ये. मधल्या काळात कंपनी रिलायन्स समूहाकडे गेली होती. २०१८ मध्ये ती अदानी समूहाकडे आली. मालक बदलले, पण अट टिकली, कारण तिच्यावर पहारा ठेवणारी संस्था टिकली.

कोळशावरील वीज केंद्रांसाठी गंधकवायूची देशव्यापी मर्यादा २०१५ मध्ये आली. म्हणजे डहाणू आठ वर्षे पुढे होते. नंतर त्या मर्यादेच्या मुदती पुनःपुन्हा वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना, धुराड्याच्या उंचीचा निकष पाळण्याच्या बोलीवर, तीतून वगळण्यात आले. धुराड्याचा जुनाच युक्तिवाद राष्ट्रीय धोरण बनून परतला! डहाणूत जे घडले ते नियमाच्या बळावर नव्हे, जागरूकतेच्या बळावर, हेच यावरून सिद्ध होते.

कंपन्यांना विवेक नसतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि भागधारक, स्पर्धा आणि वेळापत्रक यांच्या दडपणाखाली विवेकाची पाळी नेहमी शेवटी येते. म्हणून अटींचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धरला जावा, अंमलबजावणीचा तपशील गावाला गावाच्या भाषेत कळावा आणि देखरेख करणाऱ्यांत स्थानिकांना स्थान असावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आज हा विषय केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. ज्या वाढवण बंदराला याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता, त्याला जुलै २०२३ मध्ये अटींसह संमती मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या त्या कामाची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको यावर मतभेद राहतील. परंतु अटी घालूनच संमती दिली असेल, तर त्या अटी सुशिक्षितांनी मिळवून वाचल्या पाहिजेत आणि प्रत्येकीची तारीख विचारली पाहिजे. एका अटीला १९८९ पासून २००७ पर्यंत अठरा वर्षे लागली. पुढच्या अटींना तेवढा अवधी देणे या आगराला परवडणारे नाही.