संगणकातील नोंदी आणि त्यांचा क्रम

मतदारयादी, शाळेचा हजेरीपट किंवा करवसुलीचे पत्रक घेतले तर त्यातील प्रत्येक नोंद बहुधा जोडीची असते. एका बाजूस नाव आणि दुसऱ्या बाजूस त्या नावाची संख्या वा माहिती. आज या याद्या संगणकावर तयार होतात. त्यांचा क्रम संगणक कसा ठरवितो आणि त्यात चूक कोठे संभवते, हे यादीवर स्वाक्षरी करणाऱ्यानेही जाणून घेणे अगत्याचे आहे.

जोडनोंदींचे तीन संग्रह

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जाहीर केलेली जावा ही वस्तुकेंद्री संगणकभाषा आहे. माहिती आणि तिच्यावर करावयाची क्रिया या दोन्ही गोष्टी अशा भाषेत एकाच घटकात बांधलेल्या असतात. जोडनोंदींच्या संग्रहाला जावात ‘मॅप’ म्हणतात. नोंदीतील नाव ही ‘की’, म्हणजे किल्ली. तिच्याशी निगडित माहिती ही ‘व्हॅल्यू’, म्हणजे मूल्य. एक किल्ली संग्रहात एकदाच येते.

मॅपचे तीन प्रकार मुख्य होत. ‘हॅशमॅप’ किल्लीवरून एक अंक काढतो आणि त्यानुसार नोंद एका कप्प्यात ठेवतो. त्यामुळे नोंद तत्काळ सापडते, परंतु यादी काढली असता तिला अकारविल्हे किंवा अन्य कोणताही भरवशाचा क्रम नसतो. ‘लिंक्ड हॅशमॅप’ नोंदी ज्या क्रमाने आल्या तो क्रम जपतो. ‘ट्रीमॅप’ मात्र प्रत्येक नवी नोंद किल्लीच्या क्रमाने योग्य स्थानी बसवितो. त्याची रचना समतोल राखलेल्या वृक्षासारखी असल्याने एक लाख नोंदींतून हवी ती नोंद शोधण्यास ३५ हून अधिक तुलना लागत नाहीत.

संख्येनुसार मांडणी

चार जिल्हे आणि त्यांतील तालुक्यांची संख्या हे उदाहरण घेऊ : कोल्हापूर १२, सातारा ११, सोलापूर ११, हिंगोली ५. नावानुसार यादी हवी असल्यास ट्रीमॅप पुरेसा आहे. संख्येनुसार हवी असल्यास तो स्वतःहून उपयोगी पडत नाही, कारण त्याचा क्रम किल्लीचा असतो, मूल्याचा नव्हे.

येथे एक आडवाट मोहात पाडते. ट्रीमॅपला किल्ल्यांऐवजी त्यांची मूल्ये ताडून पाहण्याचा नियम देता येतो आणि यादी वरकरणी बरोबर दिसते. परंतु ज्या दोन किल्ल्यांची तुलना समान ठरते, त्या ट्रीमॅपच्या लेखी एकच असतात. साताऱ्याची नोंद आधी झाली असेल तर सोलापूरची नोंद तीत विलीन होते आणि चारऐवजी तीनच जिल्हे उरतात. संगणक कसलीही सूचना देत नाही. हीच यादी टंचाईग्रस्त गावांची किंवा शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांची असेल तर, केवळ आकडा सारखा म्हणून एक गाव वा एक मूल लाभापासून वंचित राहील.

योग्य रीत तीन पायऱ्यांची आहे. प्रथम सर्व जोडनोंदी मॅपमधून काढून एका साध्या सूचीत घ्याव्यात. नंतर ती सूची मूल्यानुसार लावावी. मूल्ये समान असल्यास नावाचा क्रम पाहावा, असा दुसरा नियमही सोबत द्यावा. शेवटी लागलेल्या नोंदी लिंक्ड हॅशमॅपमध्ये भराव्यात. त्यामुळे हिंगोली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर असा क्रम मिळतो आणि एकही नोंद गळत नाही. २०१४ मध्ये आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीपासून मूल्यानुसार तुलना करण्याची तयार सोय भाषेतच आहे.

अंक की अक्षर?

संख्या जर मजकूर म्हणून नोंदविली असेल तर संगणक ती अक्षरांप्रमाणे, डावीकडून एकेक चिन्ह ताडून लावतो. मग ‘११’ आणि ‘१२’ आधी येतात व ‘५’ शेवटी जाते, कारण एक हा पाचाच्या आधीचा आहे. म्हणून संख्या ही संख्या म्हणूनच नोंदविली पाहिजे.

मराठी वर्णक्रम

संगणक अक्षरांची तुलना त्यांच्या युनिकोड क्रमांकांवरून करतो. युनिकोडात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ नंतर आणि ‘व’ च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत मात्र ते ‘ह’ नंतर येते. परिणामी नुसत्या क्रमांकावर विसंबल्यास ‘कळंब’ आधी आणि ‘कवठे महांकाळ’ नंतर लागते. मराठी कोशाच्या रीतीने हा क्रम नेमका उलट हवा. तसेच ‘क्ष’ हे जोडाक्षर संगणकाला ‘क’ च्या ओळीत दिसते. यावर उपाय आहे. वर्णक्रमाचे नियम स्वतः लिहून देण्याची सोय जावात असून ट्रीमॅप ते नियम स्वीकारतो.

यादी तपासताना

यादी हाती आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. मूळ नोंदींची आणि यादीतील नोंदींची संख्या जुळते काय? समान आकडा असलेली सर्व नावे यादीत आहेत काय? आणि नावांचा क्रम मराठी वर्णमालेस धरून आहे काय? या तपासणीस संगणकाचे शिक्षण लागत नाही. यंत्र दिलेला नियम काटेकोरपणे पाळते. तो नियम योग्य आहे की नाही हे पाहणे माणसाचे काम आहे.