चिंतेशी शेजारधर्म

चिता आणि चिंता या दोन शब्दांत अंतर काय ते एका अनुस्वाराचे, हे आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून कधी ना कधी ऐकलेले असते. एक मेलेल्याला जाळते, दुसरी जित्या माणसाला. तेव्हा, बाबा रे, उगाच चिंता करू नकोस! उपदेश मोलाचा खरा, पण त्याने कोणाची चिंता दूर झाल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. घडते ते उलटेच. चिंता जागच्या जागी राहते आणि ती आपल्याला सोडता येत नाही, याचीच आणखी एक चिंता तिच्या जोडीला येऊन बसते. म्हणून चिंता समूळ कशी घालवावी, याविषयी मला आज काही सांगावयाचे नाही. शेजारी आपण निवडलेला नसतो, तरी त्याच्याशी वागण्याची काही रीत असते. चिंता शेजाराला असताना संसार, नोकरी आणि झोप ही तिन्ही कशी सांभाळावीत, एवढ्यापुरतेच हे बोलणे आहे.

प्रथम तिचे कुळ पाहू. वाघ समोर उभा राहिला म्हणजे जे वाटते ते भय. वाघ येईल की काय, या विचाराने मध्यरात्री जाग येते ती चिंता. भयाला समोर काहीतरी असावे लागते. चिंतेला ‘आणि समजा’ एवढे दोन शब्द पुरतात. शरीराला मात्र हा भेद कळत नाही. मेंदूने धोक्याची सूचना दिली की मूत्रपिंडांवरच्या इवल्याशा ग्रंथी ॲड्रेनलीन नावाचा स्राव रक्तात सोडतात. हृदय जलद चालू लागते, श्वास उथळ होतो, तळहातांना घाम सुटतो, पोटात कालवते. पळावयाचे किंवा झुंजावयाचे असेल तर ही सारी सिद्धता उपयोगाची. परंतु मुलाचा पुण्याहून फोन आला नाही म्हणून खुर्चीत बसून राहिलेल्या पित्याने या सिद्धतेचे करावे काय? वाघ नाही, पळणेही नाही. उरते ती नुसती धडधड. मग त्या धडधडीचीच भीती वाटू लागते आणि भीतीने धडधड वाढते. हे चक्र ओळखले म्हणजे ते लगेच थांबते असे नाही. पण छाती धडधडली म्हणून आपण भित्रे किंवा दुर्बळ ठरतो, हा समज तरी सुटतो. तो सुटणे फार अगत्याचे आहे. त्या समजापायी कितीतरी माणसे, विशेषतः पुरुष, वर्षानुवर्षे तोंडातून शब्द काढीत नाहीत. कोणी कामात बुडी मारतो, कोणी संध्याकाळच्या पेल्यात.

शिवाय चिंता सर्वस्वी शत्रूही नव्हे. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणारा शेतकरी चिंता करतो, म्हणूनच कोरड्या अंथरुणावर निजतो. प्रश्न येतो तो पाऊस संपल्यावरही जो रोज शिडी लावून छपरावर चढतो, त्याचा.

आम्हां रायपूरकरांना याचा अनुभव २०२१ च्या एप्रिलमध्ये आला. करोनाची दुसरी लाट शहरावर कोसळली आणि ९ एप्रिलपासून टाळेबंदी लागली. त्या दिवसांत अपरात्री फोन वाजला म्हणजे कोणाला तरी रुग्णालयात खाट हवी असे, कोणाला प्राणवायूचे सिलिंडर हवे असे. आणि कधी आता काहीच नको, एवढेच कळवावयाचे असे. लाट ओसरली. फोनच्या घंटीचे भय मात्र अनेकांच्या मनातून ओसरले नाही. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ, कचेरीतले मुरलेले कारकून, फोन उचलताना थरथरू लागत. त्यांनी जो उपाय योजला तो आपल्यांपैकी बहुतेकांनी योजला असता: फोनचा आवाज बंद करून ठेवला. पहिल्या दिवशी फार बरे वाटले. आठवड्याने फोन दुसऱ्या खोलीत गेला. महिन्याने कचेरीतला फोन त्यांनी सहकाऱ्याकडे सोपविला. अखेरीस दुसऱ्याच्या खिशातली घंटी ऐकूनही त्यांचे हात गार पडू लागले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. जी गोष्ट आपण टाळतो ती निरुपद्रवी होती, हे मनाला कळण्याची संधीच मिळत नाही. टाळल्यामुळे जो तात्पुरता आराम मिळतो, तोच भयाला खतपाणी घालतो.

डॉक्टरांच्या सल्ल्याने मग उलट वाट धरावी लागली. आरंभी रोज काही मिनिटे स्वतःच घंटी वाजवून ऐकत बसावयाचे. पुढे पत्नीने शेजारच्या खोलीतून फोन करावयाचा आणि यांनी तो उचलून ‘चहा झाला का?’ एवढेच विचारावयाचे. ऐकणाऱ्याला हसू येईल. त्या घरात पहिल्या दिवशी कोणी हसले नाही. पायरीपायरीने कचेरीतला फोन पुन्हा त्यांच्या टेबलावर यायला काही महिने लागले. घंटी वाजली की आजही त्यांच्या छातीत चमकते. ती चमकू देऊन ते फोन उचलतात.

या वाटेचा एक मोठा प्रवासी म्हणजे अमेरिकेतील मानसतज्ज्ञ आल्बर्ट एलिस. तरुणपणी अनोळखी स्त्रीशी बोलण्याची त्याला विलक्षण धास्ती. एकोणिसाव्या वर्षी त्याने न्यूयॉर्कच्या वनस्पतिउद्यानात ठाण मांडले आणि महिन्याभरात सुमारे शंभर स्त्रियांशी निश्चयपूर्वक बोलणे काढले. भेटीचे वचन दिले एकीनेच, आणि तीही ठरल्या वेळी आली नाही! तथापि आकाश कोसळत नाही, हे त्याला शंभर वेळा कळले. १९५५ मध्ये त्याने मांडलेल्या उपचारपद्धतीला मराठीत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ असे समर्पक नाव मिळाले आहे. मराठी वाचकांपर्यंत ती पोहोचविण्यात मुंबईचे कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. तिचे सूत्र असे की प्रसंगापेक्षा प्रसंगाविषयीचा आपला हट्टी विचार अधिक छळतो. ‘बदली होऊ नये’ ही इच्छा झाली. ‘बदली होताच कामा नये, झाली तर मी संपलोच’ हा हट्ट झाला. इच्छेने माणूस अर्ज करतो, हट्टाने त्याची झोप जाते.

चिंतेला वेळ नेमून द्यावी, ही युक्ती आम्हां सरकारी नोकरांना तरी सहज पटावी. पत्र आले की त्याच क्षणी उत्तर देण्याची आमच्याकडे रीत नाही. आवक नोंदवहीत क्रमांक पडतो, नस्ती तयार होते आणि यथावकाश ती टेबलावर येते. लोक याला दिरंगाई म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण चिंतेच्या बाबतीत हीच दिरंगाई औषधी ठरते. पेनसिल्व्हेनियातील मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये हा प्रयोग मांडला. दिवसाकाठी अर्धा तास, एकाच ठिकाणी, एकाच वेळी, खुशाल चिंता करावी. एरवी चिंता आली तर तिची वहीत एका ओळीची नोंद करून हातातल्या कामाकडे वळावे. ठरल्या वेळी वही उघडली की गंमत दिसते: सकाळी प्राणांतिक वाटलेल्या निम्म्या नोंदी संध्याकाळपर्यंत आपोआप निकाली निघालेल्या असतात. उरलेल्यांपैकी जिथे उद्या काही करता येईल, तिथे ते काम लिहावे. जिथे करण्यासारखे काही नाही, तिथे तसे स्पष्ट लिहावे. ही वेळ निजण्यापूर्वीची मात्र नसावी.

रायपुरातल्या मराठी माणसाला या संदर्भात माधवराव सप्रे यांची आठवण होते. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणाऱ्या या मराठी माणसाला १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. घरच्यांच्या आग्रहाने माफी लिहून देऊन ते सुटले, आणि त्या माफीची टोचणी त्यांना घरात स्वस्थ बसू देईना. त्यांनी रामदासी संप्रदायाच्या सहवासात काही काळ विरक्तीने घालविला, दासबोधाचे परिशीलन केले आणि पुढे त्याचा हिंदी अनुवाद सिद्ध केला. टिळकांचे गीतारहस्यही हिंदीत आणले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मनोव्यथेला आजचे वैद्यकीय नाव चिकटविणे धाडसाचे होईल. ती भूतकाळाकडे तोंड केलेली व्यथा होती. तरीही दुखऱ्या मनाला रोजचे, मोजके, परोपयोगी काम हाताशी असणे म्हणजे काय, हे त्या अनुवादाच्या पानांवरून कळते.

समर्थांच्या मनाच्या श्लोकांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दोनशे पाच श्लोक, आणि त्यांतून बोलणे चालले आहे ते स्वतःच्या मनाशी, जणू ते समोर बसलेले कोणी दुसरेच आहे! भक्तिभाव ज्याचा त्याचा. पण ही रीत मानसशास्त्रालाही मोलाची वाटते. ईथन क्रॉस व त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रयोगांती दाखविले की भाषणासारख्या कठीण प्रसंगी जे ‘मी’ ऐवजी स्वतःला नावाने संबोधून विचार करतात, त्यांची अस्वस्थता कमी असते. ‘मला जमणार नाही’ याऐवजी ‘वसंतराव, आपल्याला नेमके कशाचे भय वाटते?’ असे विचारून पाहावे. आपले नाव उच्चारले की आपणच आपल्यापासून हातभर दूर सरकतो आणि शहाणपणाने बोलू लागतो. दुसऱ्याला सल्ला देताना आपण सगळेच शहाणे असतो ना!

शरीराकडेही थोडे लक्ष हवे. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला अधिक वेळ द्यावा. दहा-बारा श्वासांत नाडी मंदावते. पाचवा चहा टाळावा, कारण त्यातील कॅफीन धडधडीला साथ देते. पहाटे बूढा तालाबाभोवती फेऱ्या घालणारे माझे मित्र पोट कमी करण्यासाठी येतात असे सांगतात. पोट तसेच आहे, झोप मात्र सुधारली आहे.

इतके करूनही बहुतेक दिवस चिंता पाठ सोडत नसेल, महिने लोटत असतील, झोप आणि काम बिघडत असेल, तर ते स्वभावाचे प्रकरण राहिले नाही; तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. छत्तीसगडसह बारा राज्यांत २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारावाचून होते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. छातीत दुखणे किंवा धडधड प्रथमच होत असेल तर आधी साध्या डॉक्टरांना दाखवावे. हृदय आणि थायरॉइड ग्रंथी तपासून घ्यावी, कारण त्या ग्रंथीच्या अतिरेकानेही हीच लक्षणे होतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्या खेपेला घरचे कोणी सोबत असावे. दवाखान्याच्या बाकावर दहा मिनिटे बसून ‘आपले इथे काय काम?’ असे म्हणत परत फिरणारे पुष्कळ असतात.